गोलकीपरचा अर्धा चेहरा

दुकानदार हसला आणि मला राग आला. राग कशाचा, हे त्याला कळले नाही. ते त्याला आजही कळलेले नाही.

मी एवढेच विचारले होते की, चूक झाली तर स्वतः ओळखून दुरुस्त करणारी मेमरी तुमच्याकडे मिळेल का. दुकान स्टेशन रोडला आहे. काउंटरमागचा माणूस पन्नाशीचा, जुन्या ओळखीचा. माझा पहिला संगणक त्याच्याकडूनच घेतलेला.

"काका, ईसीसी रॅम म्हणताय तुमी. ती बँकेला लागती," तो म्हणाला. "मोठ्या दवाखान्याला लागती. तुमाला घरात काय करायचीय? लग्नाचं फोटो तर ठेवायचं न्हवं."

"लग्नाचेच ठेवायचे आहेत."

"मग? एखादा ठिपका इकडचा तिकडं झाला तर नवरी काय सोडून जातीय व्हय?"

शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइके हसली. मी हसलो नाही. एखादा ठिपका इकडचा तिकडे झाल्याने काय होते, ते मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. ते सांगायचे तर मला गोलकीपरच्या फोटोपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याला तेवढा धीर नव्हता.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. हात स्थिर होता तोवर चालवला, थरथरू लागला तेव्हा बंद केला. लग्ने, बारशी, पासपोर्ट, शाळांचे वर्ग, तालमींतले पैलवान, पेठांचे फुटबॉल संघ. एकही निगेटिव्ह मी टाकली नाही. स्टुडिओ बंद झाल्यावर त्या सगळ्या स्कॅन करायला घेतल्या. फिल्म पुसायची, काचेवर सरळ ठेवायची, संगणकात उतरवायची, नाव घालायचे. या कामात काही वर्षे गेली. बायको म्हणे, "गेलेल्या माणसांत बसायची सवय लागलीय तुम्हाला." तिचे चुकत नव्हते. त्यांतले बरेचसे गेलेलेच होते.

मग महापूर आला. घरात जागा नसल्यामुळे निगेटिव्हच्या पेट्या नदीकडच्या सखल भागात, भावाच्या गोदामात होत्या. पाणी उतरल्यावर झाकणे काढली. आत फिल्म नव्हती, गाळात एकमेकींना चिकटलेल्या वड्या होत्या. मी पेट्या टाकून दिल्या. वाईट वाटले, पण हाय खाल्ली नाही. चेहरे संगणकात होते.

त्याच पाण्याने पुष्कळांच्या भिंतींवरचे फोटो नेले. लोक माझ्याकडे येऊ लागले. "आमच्या आजोबांचा निघंल काय?" बहुतेकांचा निघे. मी नव्याने छापून देत असे.

त्यांत एक बाई होती. तिचा नवरा शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर; आमच्याकडे तालमी कुस्तीइतक्याच फुटबॉललाही वाहिलेल्या. फाउंड्रीत कामाला होता. कावीळ झाली आणि भर तरुणपणी गेला. तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्या माणसाचा धड म्हणावा असा एकच फोटो होता, माझ्या स्टुडिओत काढलेला. पुरात तो काचेला चिकटला आणि सोडवताना सोलून निघाला. संघाचा एकत्र फोटो आहे, पण त्यात तो मागच्या रांगेत, उन्हाने तोंड फिरवलेला, नखाएवढा. मी तिला पडद्यावर फाइल उघडून दाखवली. फोटो अखंड होता. ती उभ्यानेच बघत राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

"हाय न्हवं तुमच्याकडं?" ती म्हणाली. "मग मी निवांत. भिंतीला अजून ओल हाय, भाऊ. घर लागू दे. मग न्हेते."

ओल्या भिंतीवर फोटो लावू नये, हे खरेच. ती गेली. घर लागायला वेळ लागला.

पुढे एका दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून आला. त्याची नोकरी संगणकांतलीच आहे. जुन्या डिस्कमधून खरखर ऐकू येत होती आणि संगणक जड चालत होता. त्याने स्टेशन रोडच्या याच दुकानातून मेमरीची एक जादा पट्टी आणून बसवली. मोठी नवी डिस्क आणली. सगळे फोटो तिच्यावर उतरवले. फाइलींची संख्या जुळली, आकार जुळले.

"आलं सगळं, बाबा."

"उघडून बघितलेस?"

"एवढे हजारो फोटो कोण उघडून बघणार? कॉपी म्हणजे कॉपी."

त्याने जुनी डिस्क कोरी करून भंगारात दिली. फराळाचा डबा घेऊन तो पुण्याला परत गेला.

यंदा फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी त्या तालमीने आपल्या जुन्या खेळाडूंचे मोठे डिजिटल फलक चौकात लावायचे ठरवले. गोलकीपरचा मुलगा आता त्याच तालमीचा कार्यकर्ता आहे. चाळिशी ओलांडलेला, दणकट, आवाज मोठा. तो आईला गाडीवर बसवून माझ्याकडे आला.

"काका, बाबांचा फोटो द्या. चौकात वीस फुटी लावतोय."

मी फाइल उघडली. केस आले. कपाळ आले, भुवया आल्या, डोळे आले. नाकाच्या मध्यावर माणूस संपला. त्याखाली हिरव्या-जांभळ्या पट्ट्या होत्या, कपाळाचाच एक तुकडा उपटून भलतीकडे चिकटवल्यासारखा दिसत होता, आणि तिथून तळापर्यंत सगळे राखाडी.

"हँग झालं असंल," मुलगा म्हणाला. "परत उघडा की."

परत उघडली. संगणक बंद करून, चालू करून उघडली. तेच.

बाईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मागं सगळं हुतं की, भाऊ," ती म्हणाली. "मी बघितलंतं."

"होते," मी म्हणालो.

"आता?"

मुलगा मात्र खचला नव्हता. "डोळं हायत, कपाळ हाय. चालतंय की. आमचा डिझाइनवाला लई वस्ताद हाय. ह्ये हाय तसं द्या पेनड्राइव्हवर."

फाइल त्यांच्या माणसाची होती. मी दिली.

ते गेल्यावर मी इतर फोटो उघडत बसलो. बरेचसे नीट होते. मग एका वरातीतला नवरदेव निघाला, ज्याच्याखाली घोडा नव्हता. एका वर्गाच्या मागच्या दोन रांगा होत्या, पुढच्या नव्हत्या. बाहेरून काहीच कळत नव्हते. नाव बरोबर, आकार बरोबर. उघडावे तेव्हा आत माणूस आहे की नाही ते समजे.

कारण शोधून काढायला मला दोन-तीन दिवस लागले. मेमरी तपासण्याचा एक प्रोग्राम असतो. तो सकाळी लावला. दुपारी जेवून येतो तर पडदा तांबड्या ओळींनी भरलेला. ती जादा पट्टी सदोष होती. काही जागी तिला एक दिला की ती शून्य परत देत होती. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाताना क्षणभर मेमरीत थांबते, आणि त्या क्षणात हे होत होते. नव्या डिस्कने मिळाले ते इमानाने लिहून घेतले. फोटोची फाइल वरून खाली उलगडत येते. मधे एक अंक खोटा निघाला की त्याच्यापुढच्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गोलकीपरचे डोळे राहिले आणि तोंड गेले.

मी पुण्याला फोन केला. मुलाने ऐकून घेतले. प्रथम म्हणाला, असे क्वचित होते. मी म्हणालो, ज्याचे झाले त्याला क्वचित म्हणजे काय ते विचार. मग त्याने फाइल मागवून घेतली आणि कित्येक संध्याकाळी तिच्यात घातल्या. हे मी मान्य करतो.

"एकच चूक असती तर सापडली असती, बाबा," त्याने शेवटी सांगितले. "एकेक अंक उलटा करून बघता येतो. पण इथं किती ठिकाणी आहे, तेच कळत नाही." मग म्हणाला, "सॉरी."

"मला नको. त्या बाईला सांग."

त्याने सांगितले नाही. काय सांगणार होता, हेही खरेच.

तेव्हा मी ठरवले की उरलेले चेहरे सांभाळायला घरातच एक सर्व्हर उभा करायचा. मुलाचे म्हणणे, सगळे इंटरनेटवर कुठल्या तरी कंपनीकडे ठेवा आणि मोकळे व्हा. लोकांनी आपले चेहरे माझ्या हवाली केले होते, कंपनीच्या नाही. एका डिस्कवरचे दुसरीने जपायचे, म्हणून दोन डिस्क. प्रत्येक फाइलीची खूण, म्हणजे तिच्यातल्या अंकांवरून काढलेला एक आकडा, नोंदवून ठेवणारी आणि वेळोवेळी पडताळून पाहणारी व्यवस्था. इथवर मुलगा माझ्या बाजूने होता. मेमरीवर आमचे वाजले.

"साध्या मेमरीवर लाखो लोक घरात सर्व्हर चालवतात, बाबा. काही होत नाही."

"त्यांचे त्यांनी बघावे."

"ईसीसी घेतली की मदरबोर्ड वेगळा, प्रोसेसर वेगळा. नुसता व्याप."

"खूण मेमरीतच काढली जाते ना?"

"हो."

"मेमरीच खोटी असेल तर खोट्या फाइलीवर ती खरेपणाची खूण मारेल."

तो म्हणाला, तत्त्वतः बरोबर आहे. बोलताना मुलाच्या तोंडी 'तत्त्वतः' आले की मी जिंकलो असे समजतो.

या मेमरीची रचना साधी आहे आणि मला ती पटली. साध्या पट्टीवर आठ काळ्या चिप असतात, हिच्यावर नऊ. नववीत माहिती नसते, बाकीच्या आठांवर लक्ष ठेवण्यापुरती नोंद असते. एक अंक उलटला तर तो कोणता ते तिच्यावरून कळते आणि जागच्या जागी सरळ होतो. दोन उलटले तर ती दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. चूक आहे, एवढेच कळवते आणि यंत्र थांबते. जे माहीत नाही तिथे अंदाजाने काही भरत नाही. माणसांत हा गुण मी फार थोड्यांकडे पाहिला आहे.

ती पट्टी मागायला गेलो तेव्हा दुकानदार हसला होता. आठवड्याने पुन्हा गेलो.

"आणली तुमची ईसीसी," तो म्हणाला आणि एक मदरबोर्ड काढून दाखवला. त्याच्या कडेने रंगीत दिवे होते. "ह्यात बसती बगा. झकास."

"हे दिवे कशाला?"

"गेम खेळणारी पोरं घेत्यात. आत कसं उजळतंय."

"मला आत वरात काढायची नाही. हा बोर्ड चूक तपासतो का?"

"रॅम बसली, मशीन चालू झालं, म्हंजे झालं की."

"बसते आणि चालू होते. तपासते का?"

त्याने डब्यावरचे वाचले. मग कुणाला तरी फोन केला. फोन ठेवून म्हणाला, "न्हाय, तेवढं न्हाय करत. पण चालतंय, काका."

म्हणजे नववी चिप पट्टीवर असणार आणि तिला कुणी काही विचारणार नाही. शहाणा माणूस पंचांत बसवायचा आणि त्याला बोलू द्यायचे नाही, तसा हा प्रकार. मी त्याला म्हणालो, "तुझ्या दुकानातून गेलेल्या एका पट्टीने लोकांची तोंडे खाल्ली आहेत." त्याने विचारले, कधी. मी दिवाळी सांगितली. तो म्हणाला, "वॉरंटीत हाय की मग. आणा, बदलून देतो."

त्याने खरोखरच बदलून दिली असती. माणूस वाईट नाही. राग त्याचाच येतो. तोंडे बदलून मिळत नाहीत, हे त्याच्या मनातही आले नाही.

बोर्ड, प्रोसेसर आणि पट्टी मी शेवटी मुंबईहून मागवली. यंत्र जुळवल्यावर आधी हे बघितले की तपासणी चालू आहे, असे ते स्वतः सांगते की नाही. सांगत होते. मगच डिस्क जोडल्या.

याच सुमारास एका सकाळी शिवाजी पेठेतून येताना चौकात फलक दिसला. वीस फुटी म्हणाला होता, तेवढा असेल. त्यावर गोलकीपर होता. अख्खा. माझ्याकडचे डोळे, माझ्याकडचे कपाळ, आणि त्याखाली रुंद जबडा, भरीव ओठ, हनुवटीला खळी, पांढरेशुभ्र दात दाखवणारे हसू. मांडीवर चेंडू, लाल-निळ्या चट्ट्यांचा. तसला चेंडू त्या काळी कोल्हापुरात कुणाच्या स्वप्नातही आला नसेल. फलकाच्या तळाशी, शुभेच्छा देणाऱ्यांच्या रांगेत पहिलाच फोटो गोलकीपरच्या मुलाचा. तोच जबडा. तीच खळी. तेच दात.

मला थांबलेला पाहून चहाच्या गाड्यावरचा माणूस म्हणाला, "रक्त बोलतंय बगा, काका. बाप झाकावा आणि लेक दाखवावा."

"तुम्ही बापाला पाहिले होते?"

"आमचा जन्म कुठला तवा." तो चहा गाळत म्हणाला, "पण दिसतंय की."

मी तालमीत गेलो. गोलकीपरचा मुलगा नव्या जर्सींचे गठ्ठे सोडत बसला होता. मला पाहताच खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"खालचे तोंड कुणाचे आहे?"

"माझं," तो म्हणाला. लपवाछपवी नाही, संकोच नाही. "डिझाइनवाला म्हटला, खालचं काय घालू? मोबाइलवर आपोआप तयार हुतंय, पण कुणाचं बी ईल. मग म्हटलं, माझं घे. सगळी म्हणत्यात मी बाबांवर गेलोय."

"सगळी म्हणजे कोण?"

"पेठेतली."

"त्यांतल्या किती जणांनी तुझ्या वडिलांना पाहिले आहे?"

तो गठ्ठा सोडायचे थांबला. "काय की," म्हणाला. "मी तरी कुठं बघितलंय, काका?"

एरवी मी तिथेच नरमलो असतो. नरमलो नाही. म्हणालो, "पाहिले नाहीस म्हणून तुझे तोंड त्यांना चिकटवायचे? उद्या तुझा मुलगा आजोबा म्हणून तुलाच हार घालणार."

"रागवू नका की. लोकास्नी आवडलंय. घरात पण तसाच मोठा करून लावलाय."

"आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? बघत बसली."

चार-पाच दिवसांनी ती एकटीच आली. जिना चढून दम लागला होता. बायकोने पाणी दिले. ते पिऊन ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, त्यो माझा भाऊ हाय."

"कोण?"

"भिंतीवरचा. माझ्या पोराचं तोंड माझ्या म्हायेरचं. हातकणंगल्याला माझा थोरला भाऊ हाय, त्येचं हाय त्ये तोंड, ती खळी. आमच्या बाचं बी तसलंच हुतं." तिने भांडे खाली ठेवले. "मी रोज सकाळी उठून भावाला हार घालतीय. आन् त्यो चांगला जित्ता हाय."

बायकोने तोंडाला पदर लावला. बाईला स्वतःलाच हसू आले, पण ते टिकले नाही.

"परवा आलता. त्येच फोटोखाली बसून जेवला. वर बघून म्हणतोय कसा, 'दाजी थोडं माझ्यासारखंच दिसायचं न्हवं का गं?' त्येला बी पटलं. आता मलाच वाटाय लागलंय, असंच असंल. रोज बघून बघून खरं तोंड पुसाय लागलंय, भाऊ. डोळं मिटलं की भाऊच दिसतोय." तिने संगणकाकडे बोट केले. "तुमच्याकडं अर्धं हाय न्हवं? त्ये द्या. मला त्येवढंच द्या."

मी नव्या यंत्रावरून फाइल घेतली. दूषित पट्ट्यांच्या किंचित वर रेघ मारली आणि त्याखालचे सगळे काढून टाकले. कागद मात्र पूर्वीच्याच मापाचा घेतला. वर केस, कपाळ, भुवया, डोळे, नाकाचा अर्धा दांडा. खाली पांढरा कागद. स्टुडिओच्या वेळचा एक चौकटवाला अजून दुकान उघडतो, त्याच्याकडून चौकट करून घेतली. तो म्हणाला, "मास्तर, खालचं कापू काय? रिकामं दिसतंय." कापायचे नाही, असे सांगितले.

न्यायला ती आली तेव्हा मुलगा बरोबर होता. बहुधा तिनेच आणला असावा. मी चौकट टेबलावर उभी केली. तो बघून चिडला.

"असला अर्धा लावायचा व्हय घरात? लोक काय म्हणतील?"

"लोकांसाठी चौकात हाय की लावलेला," ती म्हणाली.

"आई, ह्ये बघून भ्या वाटतंय. तोंड न्हाय माणसाला."

"तोंड न्हायच आपल्याकडं. न्हाय त्ये न्हाय."

तो फोटोसमोर उभा राहिला. मोठा आवाज खाली आला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, फोटो तुमीच काढलाय न्हवं? तुमी सांगा तोंड कसं हुतं. तुमी सांगाल तसं करून घेतो, एक बी फरक न्हाय करणार."

त्या दिवसाचे मला पुष्कळ आठवते. सामना जिंकून तो सरळ मैदानावरून आला होता. शर्ट तेवढा मित्राकडून मागून घातलेला होता. पडद्यामागचा एक दिवा गेला होता, म्हणून मी त्याला खिडकीकडे वळवले. चेंडू खाली ठेव म्हटले तर ठेवेना. हे सगळे मला दिसते. तोंड दिसत नाही. मी हजारो तोंडांवर प्रकाश पाडला, त्यांतले हे एक. काहीतरी सांगता आले असते. बारीक मिशी होती म्हणालो असतो, तर संध्याकाळपर्यंत चौकातल्या फलकावर बारीक मिशी उगवली असती, आणि चहाच्या गाड्यावरच्या माणसाने तीही ओळखली असती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"कायबी न्हाय?"

"काही नाही."

त्याने आईकडे पाहिले. आपल्या आईला त्याने हे कधी विचारले नसावे. तिने चौकटीच्या खालच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवले, मग उचलले.

"दात पुढं हुतं," ती म्हणाली. "वरचं दोन. म्हणून तोंड मिटून बसायचं फोटोत. हसाय आलं की हात न्ह्यायचं तोंडावर. मला म्हणायचं, गोलकीपरचा हात हाय, कुटं बी जातोय."

"मिशी?"

"मिशी कुठली. लगीन झालं तवा नुसती काळी रेघ. माझी आई म्हणायची, पोरगा बघितला का पोर बघितलं."

"आन् खळी?"

"खळी न्हवती. ती खळी, त्ये तोंड तुझ्या मामाचं. हितं," तिने स्वतःच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला बोट लावले, "बूट लागलंता कुणाचं तर. पांढरा वण हुता. दाढी केली की दिसायचा."

मुलाने खिशातून फोन काढला आणि त्यात काही टिपू लागला.

"फोन ठेव," मी म्हणालो.

"डिझाइनवाल्याला सांगायला..."

"ठेव तो. तिच्याकडे बघ."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढला. आतून बायको दारापर्यंत आली आणि परत गेली. त्याने फोन ठेवला. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा हात गुडघ्यांवर ठेवून आईसमोर बसला. ती सांगत राहिली. आवाज कसा होता, भाकरी कुस्करून खायची सवय कशी होती, ताप आला की ओठ कसे फुटायचे. मधे मधे थांबायची आणि "न्हाय, तसं न्हाय," म्हणून आधीचे खोडायची. जे आठवत नव्हते तिथे आठवत नाही म्हणत होती. 

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मग माझं काय हाय त्यांच्यावानी? तोंड मामाचं. दात मामाचं. डोळं?"

तिने चौकटीतल्या डोळ्यांकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"डोळं माझं हायत," ती म्हणाली.

"म्हंजे कायच न्हाय?"

"थांब जरा," ती म्हणाली. "बघू दे."

तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि उलटासुलटा करून बघू लागली. बोटे सरळ केली, मिटली, पुन्हा सरळ केली. मी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. सुतळीची गाठ घालायची राहिली होती. ती मी घातली नाही. तिचे बघून होईपर्यंत थांबलो.